आधी चित्र, मग बाकीचं

१

माझं काम काय, हे नातेवाइकांना समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ म्हणते आणि पोह्यांची बशी पुढे करते. पण इथे सांगितल्याशिवाय भागणार नाही, तेव्हा एकदाच सांगते. लॅपटॉप नुसता मिटला तर तो डुलकी घेतो आणि बॅटरी जळत राहते. हायबरनेट केला, तर त्या क्षणी त्याच्या मेमरीत जे काही असेल, उघडी पत्रं, अर्धवट वाक्यं, ते सगळं तो डिस्कवर उतरवून ठेवतो आणि पूर्ण बंद होतो. त्या उतरवून ठेवलेल्याला आम्ही इमेज म्हणतो. उठवला की इमेज परत वर चढते आणि तो जिथे थांबला होता तिथून पुढे चालायला लागतो. मधे चार तास गेले की चार महिने, त्याला पत्ता नसतो.

अडचण उठायला लागणाऱ्या वेळाची. आमच्या मशीनला अठरा सेकंद लागायचे. अठरा सेकंद काळ्या पडद्याकडे बघायची वेळ आली की भली भली माणसं पिसाळतात. हे चारवर आण, असं मला सांगण्यात आलं होतं, आणि सांगणाऱ्यांचं काय जातंय, उंटावरून शेळ्या हाकायच्या. मी तीन महिने डोकं फोडून घेतलं आणि मग सरळ वापरणाऱ्याला शेंडी लावायचं ठरवलं. झोपताना पडदा जसा होता त्याचा फोटो काढून ठेवायचा आणि उठताना सगळ्यात आधी तो दाखवायचा. बघणाऱ्याला वाटतं, उठला. खरं तर तेव्हा मागे काहीच नसतं. मग हाक येईल तसं एकेक मागून आणायचं. आधी चित्र, मग बाकीचं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

हे सगळं मी घरून करायचे, खांदा कॉलनीतल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर. घरात आम्ही चौघं. माझा नवरा प्रणित, तो उरणकडे बंदरावरच्या एका ऑफिसात. सासूबाई हौसाबाई, शिरढोणकडच्या गावातून लेकाकडे राहायला आलेल्या. आणि आमची वेणू, पहिलीतली. वेणू पावणेएकला शाळेतून यायची, जेवायची आणि आजीच्या खोलीत खिडकीखाली गोधडीवर झोपायची. अडीचच्या सुमाराला त्या खिडकीतून ऊन थेट तिच्या तोंडावर यायचं. म्हणून मी तिला अलगद उचलून आमच्या बेडरूममध्ये नेऊन ठेवायचे. सासूबाईंना ते आवडायचं नाही.

‘पोर झोपलं की हलवू नये, रुचिरा. जिथं झोपली तिथंच उठली पायजे.’

‘ऊन येतंय हो आई.’

‘मग पडदा लाव की. पोरीला कशाला हलवतेस?’

पडदा धुवायला टाकला होता आणि परत लावायचा कंटाळा आला होता. एवढीच गोष्ट.

२

एका मंगळवारी वेणू बोलता बोलता झोपली. ‘आई, आज ना शाळेतल्या कासवाने,’ एवढं म्हणाली आणि गेली. मी तिला उचलून नेलं. चार वाजता बेडरूममध्ये चादर बदलत होते तेव्हा तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘मान बाहेर काढलीच नाही.’

मला हसू आलं. ना जांभई, ना आळस, ना ‘मी इथे कशी आले’. मधले अडीच तास नव्हतेच जणू. मी लगेच प्रांजलला फोन लावला. प्रांजल माझी टीम लीड, पुण्यात बसते. म्हटलं, ‘तुझ्या मशीनपेक्षा माझी मुलगी बरी, बाई. शून्य सेकंदात उठते.’ आम्ही दोघी हसलो.

गुरुवारी ती हसता हसता झोपली होती. आजीने काहीतरी चिडवलं होतं, त्यावर गालाला खळी पडलेली. मी तिला हलवलं आणि शेजारी बसून टेस्टचे आकडे भरत राहिले. चार वाजता डोळे उघडले. गालाला तीच खळी, ओठ तसेच किंचित विलग. मी म्हटलं, ‘उठली माझी सोनी?’ ती हसत राहिली. मी तिच्यापुढे बोट फिरवलं. डोळे बोटामागे आले नाहीत. मग एकदम पापण्या लवल्या, हसू विरलं आणि ती नेहमीसारखी कुरकुरली, ‘पाणी दे ना.’

दिवसातून चाळीस वेळा मशीन उठवणाऱ्या बाईला वेगळं घड्याळ लागत नाही. मनात आपोआप आकडे चालू असतात. चार सेकंद झाले होते.

३

शुक्रवारी सहा. सोमवारी नऊ.

मी वेडी नाही. खांदेश्वरजवळच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, गुडघ्यावर टकटक केली, तिला पाढे विचारले. म्हणाले, गाढ झोपेतून उठताना मुलं अशी दोन मिनिटं भांबावतात, तुम्हीच जरा झोप घ्या, मॅडम. मला ते पटलं. पटायलाच हवं होतं.

मंगळवारी मी तिला हलवलं नाही. पडदा लावला. ती चारला खिडकीखालीच उठली, लगेच, तोंड वाकडं करून, घामेजलेली, आणि गोधडी टोचते म्हणून रडायला लागली. सासूबाईंनी पडद्याकडे बोट केलं. मी मनात म्हटलं, एका दिवसावरून सिद्धांत मांडायला मी काय अंगारे-धुपारे करणारी गावातली भगत आहे?

आणि बुधवारी मी तिला परत हलवलं. आता लपवून काय करू? त्या दिवशी पडदा लावलेलाच होता. आभाळही भरून आलेलं होतं. ऊन नव्हतंच. मला आकडा हवा होता. स्वतःच्या पोरीला उचलून नेलं, दार लोटलं आणि शेजारी फोनचं घड्याळ लावून बसले. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

सव्वीस सेकंद. तेवढा वेळ ती माझ्याकडे बघत गोड हसत होती. मी तिचा हात उचलून सोडला, तो जिथे सोडला तिथे हवेत तसाच राहिला. ऊब होती, नाडी होती. खोली फार शांत झाली होती, पंख्याचा आवाजसुद्धा दूरच्या कुणाच्या घरातला वाटत होता. आणि तेव्हा मला आजीच्या खोलीतून काहीतरी ऐकू आलं. लहान मूल जमिनीवर टाच घासत उठतं, तसं. सासूबाई तर देवळात गेल्या होत्या. मग पावलं, अनवाणी, हॉलमधून, बेडरूमच्या दारापर्यंत. दार हललं नाही. वेणूने पापणी लववली आणि म्हणाली, ‘आई, पाणी.’

फरशी जुनी, बिल्डिंग जुनी. वरच्या घरातलं मूल चालत असेल. मी स्वतःला हेच सांगितलं, दोनदा.

संध्याकाळी प्रांजलशी कामाचं बोलणं झालं. मशीन झोपलेलं असताना त्याचं काही हलवलं, बदललं, तर जुना नियम असा की ती इमेज फेकून द्यायची आणि मशीन कोरं सुरू करायचं. मला तो नियम सैल करायचा होता. प्रांजल म्हणाली, ‘नको गं. त्याला वाटतं आपण तिथेच आहोत. मग जिथे नाही तिथे जाऊन धडकतं. त्यापेक्षा कोरं परवडलं.’

‘आणि इमेजमधलं?’ मी विचारलं.

‘ते गेलं. एक चालू झालं की दुसरं ठेवायचं नसतं. दोन्ही चालली तर सगळ्याचा सत्यानाश.’

मला हे पाठ होतं. तरी त्या दिवशी फोन ठेवून मी आजीच्या खोलीतला पडदा पुन्हा नीट ओढून आले.

त्यानंतर मी वेणूला एकदाही हलवलं नाही. पंधरा दिवस ती खिडकीखालीच उठली, घामेजलेली, चिडकी, पूर्ण.

४

आमची बिल्डिंग पाडायची होती. तिच्या जागी नवी उभी राहणार, तोपर्यंत सगळ्यांनी भाड्याने कुठेतरी जायचं. आम्हाला करंजाड्याला आठव्या मजल्यावर घर मिळालं. गुरुजींनी दूध उतू घालायचा मुहूर्त काढून दिला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं. याच्यापेक्षा वाईट वेळ गुरुजींना शोधूनही सापडली नसती.

सकाळपासून टेम्पो भरणं चालू होतं. दीड वाजता रिकाम्या घरात, खिडकीखाली, गोधडीवर वेणू पेंगायला लागली. मी तिच्याजवळ टेकले. तिने झोपताना नेहमी धरायची तशी माझ्या कानाची पाळी धरली आणि म्हणाली, ‘आई, मी तुला एक,’ आणि हात सुटला.

अडीच वाजता प्रणित खालून हाका मारायला लागला. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, ‘तुमी जा पुढं. मी बसते पोरीजवल. उठली की रिक्षानी येतो आमी.’

‘आई, घरातली लक्ष्मी, आपली वेणू, मुहूर्ताला नको का?’ प्रणित वर येऊन म्हणाला. ‘दूध तुझ्याच हातून उतू घालायचंय. आणि टेम्पोवाला काय आपला जावई आहे, थांबायला?’

दोघंही माझ्याकडे बघत होते. मी ‘नको’ म्हणू शकले असते. प्रणितला काय सांगायचं होतं मी? की सव्वीस सेकंद? तो हसला असता, आणि मला हसलेलं खपत नाही. मी वाकले आणि तिला उचललं. जिन्यावरून उतरताना ती फार हलकी लागली, मला एवढंच आठवतं.

दूध उतू गेलं. सगळे खूश झाले. नव्या बेडरूमच्या फरशीवर गादी टाकून वेणूला ठेवलं होतं. मोठी खिडकी, पांढऱ्या भिंती, खाली महामार्गाची संथ घरघर. चार वाजता तिने डोळे उघडले. चेहऱ्यावर झोपतानाचा तोच भाव, काहीतरी सांगायचं असल्याचा. मी बसून राहिले. पाच मिनिटं. दहा. फरशीवरचा उन्हाचा चौकोन गादीवर चढला, तिच्या उघड्या डोळ्यांवर आला, तरी ते मिटले नाहीत. सासूबाई दारात उभ्या होत्या.

‘हाक मारू नको,’ त्या हळू म्हणाल्या. ‘लांब हाय. तिला येऊ दे.’

वीस मिनिटं झाली आणि माझा धीर सुटला. मी तिचे खांदे धरले आणि हाक मारली, वेणू. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला ती उठून बसली.

‘हो, आई,’ म्हणाली. मग गादीवरून उभी राहिली आणि चादरीची नीट घडी घातली.

५

तक्रार करावी असं काहीच नव्हतं. वेणू वेळेवर उठायची, डबा संपवायची, पाढे न चुकता म्हणायची. शाळेतल्या सगळ्यांची नावं तिला येत होती, आमचा जुना पत्ता येत होता, चिरनेरच्या मावशीचा फोन नंबरसुद्धा. प्रणित म्हणाला, ‘घर लाभलं बघ. पोरगी सुधारली.’

पण जे पुस्तकात, फोटोत, आमच्या बोलण्यात सापडेल तेवढंच तिला येत होतं. मी विचारलं, ‘परवा झोपताना मला काय सांगणार होतीस, मी तुला एक?’ तिने शांतपणे विचारलं, ‘एक काय?’ झोपताना मी कान पुढे केला तर ती त्याच्याकडे बघत राहिली. दुपारची झोपेना. रात्री आम्ही निजलो की सरळ, हात अंगालगत ठेवून पडायची. आजीकडे स्वतःहून गेली नाही आणि आजीने तिला बोलावलं नाही.

मी काय म्हणणार? मूल शहाणं झालं म्हणून कुणी रडतं का? मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे.

आठव्या दिवशी सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. मी सुकट निवडत होते. त्या समोर पाटावर बसल्या.

‘बिल्डिंग कवा पाडतात?’

‘उद्यापासून. आज पाचपर्यंत चावी द्यायचीय सेक्रेटरींना.’

‘तिला घेऊन जा,’ त्या म्हणाल्या. ‘तीच गोधडी, तीच जागा. निजव. हाक मारू नको, उठवू नको. उठंल तवा उठंल.’ मग त्यांनी सुकटीचं ताट बाजूला सारलं. ‘मला ती पोर पायजे, रुचिरा. ही नको.’

त्या असं सरळ बोलतील असं मला वाटलं नव्हतं. मी हात धुतले आणि गोधडी शोधायला गेले.

६

तीन वाजता आम्ही खांदा कॉलनीत पोचलो. सेक्रेटरी खाली खुर्ची टाकून बसले होते, म्हणाले, ‘लवकर या हं, ताई, वीज तोडलीय.’ वरच्या मजल्यांच्या खिडक्या काढून नेल्या होत्या, त्यामुळे जिन्यात नको तिथून उजेड येत होता. धूळ त्या उजेडात जागच्या जागी थांबलेली दिसत होती. वेणू माझा हात धरून एकेक पायरी चढत होती.

आमचं दार उघडलं. रिकामा हॉल, भिंतीवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन. आजीच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं. मी बगलेतली गोधडी सावरली.

‘चल, आजीच्या खोलीत जरा पडू या.’

‘मला झोप नाही आली.’

‘नुसतं पड गं. मी आहे ना.’

ती हॉलच्या मधोमध थांबली होती. ‘तिथे जागा नाहीये,’ ती म्हणाली.

मी हसून म्हणणार होते की अख्खी खोली रिकामी आहे. तेवढ्यात आतून टाच घासल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा, लाडात घासावी तशी. दाराच्या फटीतून मला फरशीचा एक पट्टा दिसत होता, आणि त्या पट्ट्यावर एक छोटी टाच. गुलाबी, धुळीने माखलेली. मी बघत असताना ती आत ओढली गेली.

‘आई?’ आतून आवाज आला. झोपेने जड झालेला, चिडका. ‘आई, उचल ना.’

माझं सगळं अंग त्या खोलीकडे निघालं. ओठ उघडलेच होते. माझ्या हातातला हात घट्ट झाला.

‘तू ओ दिलीस तर मला जावं लागेल,’ वेणू म्हणाली. भीती नव्हती तिच्या आवाजात. नुसती माहिती दिली तिने.

मी तिच्याकडे पाहिलं. केसांचा भांग मीच पाडला होता सकाळी. नाकावर घामाचे थेंब होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि आतली पुन्हा म्हणाली, ‘आई गं.’

लोक म्हणतील, यात विचार करण्यासारखं काय आहे? पण मी विचार केला. तोच माझा धंदा आहे. एक चालू असताना दुसरं चालवता येत नाही. मी ओ दिली, ही थांबली, आणि ती आलीच नाही तर? या फरशीवर हसऱ्या चेहऱ्याचं, उघड्या डोळ्यांचं एक मूल घेऊन मी बसून राहिले तर? प्रणितला काय दाखवू? हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, असं आपल्याकडे म्हणतात. माझ्या हातात एक ऊबदार, चालतं-बोलतं मूल होतं.

माझी मुलगी कोणती, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला अगदी नक्की माहीत होतं.

मी गोधडी तिथेच हॉलमध्ये ठेवली. वेणूला घेऊन बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. कुलूप लावताना किल्ली दोनदा हातातून पडली, दोन्ही वेळा वेणूने वाकून उचलून दिली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर आलो तेव्हा वर रडणं सुरू झालं. आधी नुसतं मुसमुसणं, मग हुंदके, मग ते हक्काचं, आई येणारच हे माहीत असलेलं रडणं. माझे पाय थांबले. वेणूने माझा हात हलकेच ओढला.

‘चल, आई,’ ती म्हणाली. ‘ती रोज रडते. थोड्या वेळाने गप्प होते.’

आणि खरंच, आम्ही खाली सेक्रेटरींच्या खुर्चीपाशी पोचेपर्यंत ती गप्प झाली होती.